डबीचा डोअरकीपर

पाहुण्यांची खोली रिकामी राहू नये, एवढंच माझ्या मनात आलं होतं. त्यापलीकडे माझा काही गुन्हा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गोष्ट पुढे सरकली की तुम्हीही आमच्या घरच्या मंडळींची बाजू घ्याल. सगळेच घेतात.

मी नाट्यगृहात डोअरकीपर होतो. शाळेची पायरी काही चढलो नाही. अक्षरं लागली ती नाटकाच्या बोर्डांवरून. त्यामुळे ठळक अक्षर मी झटकन वाचतो, आणि बारीक अक्षर दिसलं की हे आपल्यासाठी नसावं असं समजून सोडून देतो. (जगातली सगळी गोम बारीक अक्षरात असते, हे मला फार उशिरा कळलं.) दारावरच्या त्या कामाचे नियम दोनच होते. आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवायचं नाही, आणि आपल्या घरच्यांना सगळ्यात शेवटी आत सोडायचं. पाहुण्याला खुर्ची, घरच्याला भिंत. आमच्या हिने कितीतरी नाटकं उभ्याने बघितली. एक तर तिने अख्खं खांबाआडून बघितलं. त्या नाटकात एक खलनायक होता हे ती अजून मान्य करत नाही, कारण तो सबंध वेळ खांबाच्या पलीकडच्या बाजूला उभा होता.

आता हिच्या कानांचं सांगतो. गेल्या काही वर्षांत हिला कमी ऐकू यायला लागलं. पण ते कबूल करील तर ती ही कसली! कोणी काही बोललं की ही गोड हसायची आणि म्हणायची, "हो, हो." निम्म्या वेळा ते बरोबरच यायचं. (माझ्या बोलण्याला तर ती ऐकू येत असतानाही एवढंच उत्तर द्यायची, त्यामुळे मला काही फरक कळला नाही.) पण हिची थोरली बहीण, म्हणजे नात्याने माझी आकडसासू, दूरगावी असते. तिने एकदा फोनवर आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी कहाणी सांगितली. कसं दुखलं, कसं रडू आलं, उठता येत नाही, बसता येत नाही. इकडून ही हसून म्हणाली, "हो, हो! छान, छान!"

फोन तिकडून बंद झाला तो झालाच. दोन बहिणी, एका पांघरुणात वाढलेल्या, आणि त्यांच्यात अबोला. ही मला म्हणायची, "ताईला एवढा कसला राग आला, कोण जाणे." आणि कोपऱ्यात जाऊन डोळे पुसायची.

शेवटी लेकीने आईला धरून डॉक्टरांकडे नेलं आणि कानात घालायची दोन छोटी यंत्रं आणून दिली. वालाच्या दाण्याएवढी. समोरच्याचं बोलणं त्यातून स्वच्छ ऐकू येई. फोनचा आवाज मात्र त्यात येण्यासाठी जावयाने एक पांढरी डबी आणली आणि बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावली. साबणाच्या डबीएवढी डबी, वर एक हिरवा दिवा. फोन कुठल्याही खोलीत असो, त्याचा आवाज त्या डबीत जायचा आणि डबीतून ब्लूटूथने थेट हिच्या कानात.

जावई माणूस शांत. त्याने मला माझ्या फोनवर सगळं दाखवलं.

"हे बघा बाबा, हे नेटवर्कचे प्रोफाइल. डबीला दोन खोल्या आहेत असं समजा. एक 'घर', एक 'पाहुणे'. 'घर'मध्ये दोघेच आहेत, आईंचा फोन आणि आईंचे कान."

"आणि मी?"

"तुमचा फोन म्हणजे किल्ली. किल्ली खोलीत नसते, खिशात असते."

मला ते फार आवडलं. निवृत्त झाल्यापासून माझ्या खिशात एकही किल्ली नव्हती.

"पण एक करा," जावई जाताना म्हणाला, "सगळं जमवून ठेवलंय. हात लावू नका."

"छे छे," मी म्हणालो. आणि खरंच, मी लावला नाही. निदान ताईंचा फोन यायचा होता त्या दिवसापर्यंत.

लेकीने मावशीची समजूत काढली होती. आईला कमी ऐकू येतं हे मात्र तिने सांगितलं नाही, कारण आईने शपथ घातली होती. "मी बहिरी झालेय असं ताईला कळता कामा नये. ती म्हातारी, मी नाही." तर ठरलं असं की संध्याकाळी ताई चेहरा दिसणारा फोन करणार. लेकीने आईला बजावलं, "मावशी म्हणालीय, हा शेवटचा फोन. पुन्हा हो-हो केलंस तर ती आयुष्यात करणार नाही." 

त्या दिवशी दुपारपासून ही कपाट उघडून बसली होती. फोनवर छातीपर्यंतच दिसतं हे माहीत असूनही चपला बदलून बघत होती. मी बाहेरच्या खोलीत, डबीखाली खुर्ची टाकून. म्हटलं, खेळाच्या आधी एकदा थिएटर बघून घ्यावं. जुनी सवय. फोन उघडला. पहिली पाटी दिसली: घर. आत दोघे, व्यवस्थित बसलेले. बरं वाटलं. मग दुसरी पाटी: पाहुणे. त्याखाली लिहिलं होतं, "कोणीही नाही."

मला ते बघवेना. आमच्या घरी पाहुणे, आणि कोणीही नाही? त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, चांगल्या ठळक अक्षरात: "जवळपास आहेत, वाट पाहत आहेत." आणि पुढे नावं.

आता तुम्हीच सांगा. ज्याने जन्मभर दार सांभाळलं, त्याने "वाट पाहत आहेत" हे वाचून काय करायचं? माझ्या डोळ्यांसमोर रांगच उभी राहिली. दुपारच्या उन्हात, हातात तिकीट घेऊन.

पहिलं नाव होतं 'तोफ'. मी नाव विचारत नाही, तिकीट विचारतो. "परवानगी द्या" आणि "नाकारा" अशी दोन बटणं होती. "नाकारा" मी कधी कोणाला म्हटलेलं नाही. दाबलं, "परवानगी द्या." फोनने विचारलं, कुठल्या प्रोफाइलमध्ये? हे काय विचारणं झालं! पाहुणे. मग 'काटा' आला. मग 'ब्रश'. मग एक घड्याळ, मग कोणाची तरी मोटार (ती खाली उभी होती, मी वरून हात केला), आणि मग 'माझं ऐकू नका' असं नाव असलेलं काहीतरी. त्यालाही आत घेतलं. बिचारं लाजाळू असेल.

शेवटी फोनने विचारलं, "प्राधान्य कोणाला? घर की पाहुणे?"

आतून हिचा आवाज आला, "अहो, काय चाललंय?"

"काही नाही, दार बघतोय."

"कोण आलंय?"

"पुष्कळ जण," मी म्हणालो, आणि दाबलं, पाहुणे. खाली चार ओळी बारीक अक्षर आलं. त्याला मी मान तुकवली आणि "ठीक आहे" दाबून टाकलं. भिंतीवरच्या डबीचा हिरवा दिवा एकदम निळा झाला आणि लुकलुकायला लागला. मला वाटलं, आनंदाने.

थोड्याच वेळात माझ्या फोनवर निरोप यायला सुरुवात झाली. पहिला निरोप: "वजन वाढले आहे. गोड कमी करा." मी पोटाकडे बघितलं. मग लक्षात आलं, हा काटा वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचा. निरोप माझा नव्हे. (आकडाही आला होता. तो मी मरेपर्यंत कोणाला सांगणार नाही. हिला सांगितला, पण ती घरची.) मग दुसरा निरोप: "खालची डावी बाजू राहिली." हा बहुतेक ब्रशाकडून. आणि समोरच्या खिडकीत दाताचे डॉक्टर संध्याकाळच्या दवाखान्याला निघण्याआधी दात घासताना दिसतच होते. निरोप आला की ज्याचा त्याला पोचवावा. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "डॉक्टर, खालची डावी बाजू राहिली!"

डॉक्टर गोठल्यासारखे उभे राहिले. तोंडात फेस, हातात ब्रश. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ब्रशाकडे, मग हळूच पडदा ओढून घेतला. चांगला माणूस, पण आभार मानायची पद्धत नाही.

एवढ्यात ताईंचा फोन वाजला.

हिने फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ताठ बसली, केसांवरून हात फिरवला, कानातली यंत्रं चाचपली आणि बटण दाबलं. मी मधल्या दारात उभा राहिलो. पडद्यावर ताई आल्या. केस पार पिकलेले, पण भुवया तशाच, वाकडं काही दिसलं की वर जाणाऱ्या.

"ताई!" ही म्हणाली.

ताईंचे ओठ हलले. पुष्कळ हलले. आवाज मात्र नाही. ही थोडी पुढे झुकली. यंत्रं दाबली. माझ्याकडे बघितलं. मी डबीकडे बघितलं. डबी लुकलुकत होती.

"अहो, येत नाहीये," ही ओठ न हलवता पुटपुटली.

"येईल, येईल. नाटक उशिरा सुरू होतंच."

ताई थांबल्या होत्या. काहीतरी विचारून उत्तराची वाट बघत होत्या. आणि मी बघत असताना, माझ्या डोळ्यांदेखत, हिच्या चेहऱ्यावर ते जुनं गोड हसू आलं. मी म्हणणार होतो, नको, नको, पण ही म्हणून गेली होती: "हो, हो!"

ताईंच्या भुवया वर गेल्या.

आणि त्याच वेळी खालच्या गल्लीतून एका बाईचा भला मोठा आवाज आला. असा की खिडकीचं तावदान थरारलं. "हो हो काय? हसतेस काय? मी विचारतेय, मला विसरलीस का, आणि तू हो हो म्हणतेस?"

मला वाटलं, खाली कोणाचं तरी भांडण लागलंय. "बघ," मी हिला म्हणालो, "लोकांची घरं कशी असतात." मग विचार आला, खाली तर फक्त लॉन्ड्री, आणि लॉन्ड्रीवाला सडाफटिंग. ही कोण बाई? मी पुन्हा फोनकडे बघितलं. ताईंचे ओठ उघडले, गल्लीत आवाज. ओठ मिटले, गल्ली गप्प. नाटकात राजा पुढे नुसते हात हलवतो आणि विंगेतून दुसराच गातो, तसं.

"अगं," मी म्हणालो, "ताई खाली आहेत!"

"कुठे खाली?"

"लॉन्ड्रीत!"

समोरच्याचं बोलणं हिला ऐकू येत होतं, हे माझं दुर्दैव. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी चष्मा काढून पुसायला लागलो. आणि चष्मा पुसलाच आहे तर म्हणून फोनवरचं ते बारीक अक्षर वाचलं. "एका वेळी सातच जोडण्या. प्राधान्य नसलेल्यांतील शेवटचा बाहेर राहील. आवाज पहिल्याला मिळेल." सहा पाहुणे बसले होते. सातवी खुर्ची हिच्या फोनला मिळाली. हिचे कान दारात उभे. आणि पहिला मानाचा पाहुणा 'तोफ', म्हणजे लॉन्ड्रीवाल्याचा तो ढोलाएवढा स्पीकर, ज्यावर तो इस्त्री करताना गाणी लावतो.

घरच्यांना मी पुन्हा खांबामागे उभं केलं होतं.

"आता काय करायचं?" मी म्हणालो.

तिने मला काही विचारलं नाही. फोन उचलला आणि तरातरा गॅलरीत गेली. मी मागे. खाली लॉन्ड्रीवाला इस्त्री हातात उंच धरून स्पीकरपासून चार हात लांब उभा होता. "काका!" तो वर बघून ओरडला. "माझ्या तोफेत बाई शिरल्यात! मी दचकलो आणि इस्त्री ठेवून दिली ती डॉक्टरांच्या कोटावर!"

"कोण हा पुरुष?" तोफ कडाडली. "कसला कोट? तुझ्या घरात चाललंय काय?"

वर शिक्षिकाबाई गॅलरीत आल्या. समोरचा पडदा सरकला. फळवाली टोपली टेकून उभी राहिली. ताई म्हणाल्या, "ठीक आहे. मी चूक केली फोन करून. ठेवते मी."

"ताई!" ही ओरडली. एवढ्या मोठ्याने तिने मला सुद्धा कधी हाक मारली नाही. "ठेवू नकोस! मला ऐकू येत नव्हतं गं!"

लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री खाली ठेवली.

"गुडघ्याचं बोललीस ना तू, तेव्हा पण नव्हतं येत. काहीच येत नव्हतं. कानात यंत्रं घातलीत आता. लाज वाटली म्हणून नाही सांगितलं."

तोफेतून काहीच येईना. लॉन्ड्रीवाल्याने हळूच स्पीकरला कान लावला. "गेल्या की काय?" तो म्हणाला आणि आवाज अजून वाढवून ठेवला. मी कठडा घट्ट धरला. मला त्या क्षणी वाटलं, हा फोन तुटला तर ह्या घरात उरलेलं आयुष्य मी बाहेरच्या जिन्यावर काढणार, आणि तेही रास्तच होईल.

मग तोफेतून नाक ओढल्याचा आवाज आला. सबंध गल्लीभर.

"मूर्ख," ताई म्हणाल्या. "लहानपणी तुझ्या वाटची बोलणी मी खाल्ली. तुला ऐकू येत नाही, एवढं मला सांगता येत नव्हतं?"

"तू हसली असतीस."

"हसलेच असते. मग रडले असते. मला पण येत नाही उजव्या कानाने, ते मी कुठे सांगितलं तुला?"

ही गॅलरीत खाली बसली आणि हसायला लागली, आणि डोळ्यांतून पाणी. तोफ पण हसत होती. एवढ्या मोठ्या स्पीकरमुळे हिला कुठल्या यंत्राचीच गरज नव्हती. मग दोघींनी जे सुरू केलं, ते काही विचारू नका. गुडघा पहिल्यापासून झाला. कुठे कापलं, कसं शिवलं. शिक्षिकाबाईंनी वरून आपला एक घरगुती लेप सांगितला. फळवाली म्हणाली, "माझ्या सासूचं पण असंच." ताईंनी तिच्या सासूची चौकशी केली. लॉन्ड्रीवाल्याने खुर्ची आणून तोफ तिच्यावर बसवली, पाहुण्याला बसवावी तशी. डॉक्टर खिशावर इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटलेला कोट घालून खाली आले आणि उभे राहिले. दवाखाना त्या दिवशी उशिरा उघडला.

"आणि ते कुठे आहेत?" ताईंनी अचानक विचारलं. गल्ली माझ्याकडे वळली. "हा सगळा घोळ त्यांचाच असणार."

"हे काय, इथेच," ही म्हणाली. "दारात उभे आहेत."

"दारातच असणार! त्यांना म्हणावं, जन्मभर परक्यांना आत सोडलंत, आता एकदा बायकोच्या कानांना पण सोडा!"

टाळ्या पडल्या. नाट्यगृहात मी हजारो टाळ्या ऐकल्या, पण सगळ्या पाठमोऱ्या. समोरून पडलेल्या ह्याच पहिल्या. डॉक्टर सगळ्यात जोराने वाजवत होते.

जावयाला कळवलं. तो आधी पाच मिनिटं नुसता हसला. मग म्हणाला, "बाबा, काळजी करू नका, मी इथूनच नीट करतो." केलं त्याने. हिचे कान परत 'घर'मध्ये बसले, ब्रश आणि काटा आपापल्या घरी गेले, आणि किल्ली माझ्या खिशातून निघाली ती हिच्या फोनवर गेली.

आता ताईंचा फोन रोज संध्याकाळी येतो. पहिली काही वाक्यं हिच्या कानात, खाजगी. मग ताईच म्हणतात, "बस झालं, गल्लीत चल, फळवालीच्या सासूचं काय झालं विचारायचंय." त्यासाठी हिने तोफेलाही 'घर'मध्ये घेतलंय. फळवालीचा फोन पण आत आहे. डॉक्टरांनी आपणहून अर्ज केला, त्यांचा विचार चालू आहे.

मला वाटलं, आता आपलंही नाव बघावं. म्हणून काल संध्याकाळी डबीखाली खुर्ची टाकून फोन उघडला. (किल्ली गेली तरी यादी बघता येते.) 'घर'मध्ये शोधलं. नव्हतो. 'पाहुणे'मध्ये शोधलं. तिथे ठळक अक्षरात लिहिलं होतं, "कोणीही नाही." मी सावकाश खाली सरकलो, अगदी शेवटच्या पाटीपर्यंत, आणि तिथे माझा फोन सापडला. एकटाच. जवळपास आहे, वाट पाहत आहे.

"अगं," मी आत हाक मारली, "मला सोडतेस का?"

गॅलरीतून तोफेचा आणि हिचा हसण्याचा आवाज आला, आणि मग ही म्हणाली, "जरा थांबा हो. हाऊसफुल्ल आहे."

थांबलोय. जागा तशी सवयीचीच आहे.